आई-बाबांना घेऊन कॅरिबियन बेट: ग्रेनाडा की आणखी कुठे?

अबोली (धागाकर्ती), ११ जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मार्चच्या शेवटी माझे आई-बाबा दिवेआगरहून इथे येतायत. १२ ते २० एप्रिल मुलांना शाळेची सुट्टी आहे, तेव्हा सगळ्यांनी मिळून कॅरिबियनमधल्या एखाद्या बेटावर जायचं ठरतंय. आम्ही सहा जण: आम्ही दोघं, मुलं ९ आणि ६ वर्षांची, आई ६६, बाबा ७१.

नवऱ्याचं म्हणणं, सगळं खाणंपिणं आत असलेलं मोठं रिसॉर्ट घेऊ, कुणाला दगदग नको. त्यात चूक काहीच नाही. पण आईच्या माजघरातून समुद्राची गाज ऐकू येते. जन्मभर पुळणीवर राहिलेल्या बाईला पाच तास विमानात बसवून दुसरी पुळण दाखवायची आणि संध्याकाळी बुफेच्या रांगेत उभं करायचं, हे काही माझ्या मनाला पटत नाही.

बाबांचं वेगळंच आहे. आमची नारळ-सुपारीची वाडी, मधून मधून जायफळ आणि मिरीचे वेल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि एका दुपारीत वाडी आडवी झाली. आजोबांनी लावलेली जायफळं मुळासकट गेली. तेव्हापासून बाबा कुठे जायला तयारच नसतात. 'काय बघायचंय आता,' म्हणतात. इथे यायला नातवंडांसाठी हो म्हणाले, एवढंच.

तर असं एखादं बेट आहे का, जिथे समुद्राखेरीजही या दोघांना रमता येईल? आई शाकाहारी, गुडघे दुखतात, पण सपाटीवर मैलभर चालते. बाबा मासे आवडीने खातात. इंग्रजी दोघांनाही फारसं येत नाही. ग्रेनाडाचं नाव एका मैत्रिणीकडून ऐकलं, बाकी काही माहिती नाही.

---

खलाशी_७, ११ जानेवारी

अबोली, मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने आहे. आई-वडिलांना घेऊन आम्ही डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता कानाला गेलो होतो. खोलीतून चार पावलांवर पाणी, दुपारी झोप, लिफ्ट, चाकाची खुर्ची मागितली की हजर. म्हातारी माणसं दमली की चिडतात आणि सहलीची मजा जाते. तुमच्या आईंचे गुडघे दुखतात, तेव्हा चढ-उताराचं बेट घेताना दहादा विचार करा.

दुसरा पर्याय बार्बाडोस. बेट बरंचसं सपाट, रस्ते चांगले. बाबांना क्रिकेटचं वेड असेल तर ब्रिजटाऊनचं केन्सिंग्टन ओव्हल दाखवा. गेल्या २९ जूनला आपण टी-ट्वेंटी विश्वचषक तिथेच जिंकलो. वादळाची धास्ती असेल तर अरुबा. ते वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला पडतं. अर्थात वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यामुळे एप्रिलमध्ये ती काळजी कुठेच नाही.

---

माधवी_टी, १२ जानेवारी

अबोली, तुझ्या मैत्रिणीने अगदी नेमकं नाव सुचवलंय. माझी मुलगी ग्रेनाडाच्या सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटीत डॉक्टरकी शिकली, त्या निमित्ताने मी तिथे तीनदा राहून आले. प्रत्येक वेळी वाटायचं की मी रत्नागिरीला माझ्या मामाकडे आलेय.

आधी बेटाचा अंदाज देते. ग्रेनाडा, कॅरियाकू आणि पेटिट मार्टिनिक ही तीन बेटं मिळून हा देश होतो. क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून थोडं जास्त. वस्ती सव्वा लाखाच्या आत. ब्रिटिशांकडून ७ फेब्रुवारी १९७४ ला स्वतंत्र झाला. मधोमध डोंगर, गर्द झाडी, आणि त्या झाडीत आहे काय? नारळ, केळी, आंबा, फणस, नीरफणस, काजू, कोको, दालचिनी, लवंग, हळद, आलं आणि सगळीकडे जायफळ. त्यांच्या झेंड्यावर जायफळ आहे! डाव्या बाजूच्या हिरव्या त्रिकोणात, उकललेलं, आत लाल जायपत्री दिसतेय असं. तुझ्या बाबांना हा झेंडा आजच दाखव.

न्यूयॉर्कहून थेट विमान आहे, पाच तासांच्या आसपास. विमानतळ ते ग्रँड आन्स ही सगळ्यात मोठी पुळण दहा-पंधरा मिनिटांवर. राहायचं तिथेच. तीनेक किलोमीटर पांढरी वाळू, पाणी संथ, मुलं दिवसभर डुंबतात. बेटावरच्या सगळ्या पुळणी सार्वजनिक आहेत, म्हणून रिसॉर्ट घ्यायचीही गरज नाही. पुळणीपासून पाच मिनिटांवर स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. आईंच्या जेवणाचा प्रश्न तिथेच सुटतो.

गुडघ्यांचं म्हणशील तर सेव्हन सिस्टर्स धबधब्याच्या वाटेला जाऊ नका, चिखल आणि उतार आहे. अ‍ॅनानडेलचा धबधबा मात्र गाडीतून उतरून चार पावलांवर. ग्रँड एटांग हा ज्वालामुखीच्या मुखातला तलाव, तिथेही गाडी अगदी जवळ जाते.

बसचाही अनुभव घ्या. पंधरा-अठरा माणसांची व्हॅन, दारात कंडक्टर, मोठ्याने गाणी. उतरायचं असलं की आतून पत्र्यावर टकटक करायची. १ नंबरची बस ग्रँड आन्सला जाते, ५ नंबरची पश्चिम किनाऱ्याने गुयावला. वाहनं डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे तुम्हाला गाडी चालवायलाही जमेल. तात्पुरता परवाना गाडी भाड्याने देणाराच काढून देतो. रस्ते अरुंद आहेत आणि वळणावर हॉर्न वाजवतात, आपल्या घाटात वाजवतात तसाच.

एक चूक माझ्याकडून झाली ती सांगते. अमेरिकेतला विजेचा भाताचा कुकर घेऊन गेले आणि तिथल्या प्लगात लावला. दोन मिनिटांत धूर. ग्रेनाडात वीज आपल्यासारखी २३० व्होल्टची, प्लग तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश. अमेरिकेतली ११० वर चालणारी उपकरणं नेऊ नका. शिट्टीचा कुकर न्या.

---

सातारकर_बॉस्टन, १२ जानेवारी

कागदपत्रांचं बोलू, कारण याच ठिकाणी लोक अडकतात.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ग्रेनाडाला तीन महिन्यांपर्यंत व्हिसा लागत नाही. तरी तिकीट काढायच्या आधी अधिकृत माहिती पुन्हा बघा. आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा एकाहून जास्त वेळा येण्याचा आहे ना, ते पाहून घ्या, कारण परत अमेरिकेतच यायचंय. परत आल्यावर त्यांच्या आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीवरची, तारीख नव्याने तपासा.

आता तुमचं. तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर कॅरिबियनला जाऊ नका. 'तीस दिवसांच्या आत परत आलं तर जुना शिक्का चालतो' असं सगळीकडे ऐकू येतं, पण एच-१बी वाल्यांसाठी ती सवलत फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. जवळच्या बेटांसाठी ती एफ आणि जे व्हिसावरच्या विद्यार्थी-संशोधकांनाच मिळते. माझा एक सहकारी या गैरसमजापायी बेटावरच अडकला आणि शिक्क्यासाठी थेट भारतात जावं लागलं. वकिलाला विचारल्याशिवाय विमानात बसू नका.

आई-बाबांचा अमेरिकेतला आरोग्य विमा बेटावर चालतो का, तेही विचारा. बऱ्याच पॉलिसी अमेरिकेबाहेर अगदी थोडं देतात.

---

नवी_वाचक, १२ जानेवारी

आजवर नुसती वाचत होते, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमचा शिक्का नोव्हेंबरमध्ये संपलाय आणि मार्चची जमैकाची तिकिटं उद्या काढणार होतो. सातारकर, मनापासून आभार.

---

अबोली, १३ जानेवारी

सातारकर, आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, आई-बाबांचा व्हिसा दहा वर्षांचा. विम्याचं डोक्यातही आलं नव्हतं, आज फोन करते.

माधवीताई, झेंडा पाठवला बाबांना. उत्तर आलं, 'जायपत्री बरोबर काढल्ये. हे लोक लागवड कलमांनी करतात की बियांपासून?' गेल्या चार वर्षांत बाबांनी मला विचारलेला हा शेतीचा पहिला प्रश्न.

---

वाडीवाला, १३ जानेवारी

अबोलीताई, मी केळशीचा. निसर्गने आमच्याकडेही काही ठेवलं नाही. तुमच्या बाबांचं 'काय बघायचंय आता' मला चांगलंच समजतं, म्हणून सविस्तर लिहितो.

जायफळाचं झाड आणि सुपारीचं झाड यांत फरक आहे. सुपारी पडली तर रोप लावून पाच-सहा वर्षांत हाती काही येतं. जायफळ बियांपासून लावलं तर सात-आठ वर्षं थांबायचं, आणि फुलं आल्यावर कळतं की झाड नर आहे! मग तोडा आणि पुन्हा मांडा. म्हणून आता कलमं लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' या जाती आहेत. पण ऐन भरात यायला कलमालाही वर्षं लागतातच. सत्तरीतला माणूस ते गणित मांडतो आणि गप्प बसतो. माझे काका तसेच बसले होते.

आता ग्रेनाडाचं. तिथे जायफळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आलं आणि असं रुजलं की इंडोनेशियाच्या खालोखाल जगात त्यांचाच नंबर लागू लागला. बागायतदारांची सहकारी संस्था १९४७ पासून आहे, शेतकरी माल तिथेच घालतो. १९५५ साली जॅनेट वादळाने बागा झोपवल्या. त्यांनी पुन्हा उभ्या केल्या. मग ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन आलं. बेटावरची दहातली आठ-नऊ जायफळाची झाडं गेली, घरांची छपरं उडाली. सगळ्या देशाचं मुख्य पीक एका दिवसात! तिथून सावरतायत तोवर गेल्या १ जुलैला बेरिल आलं, ताशी २४० किलोमीटरच्या आसपास वारं. कॅरियाकू बेट त्याने धुऊन काढलं आणि ग्रेनाडाच्या उत्तर भागालाही तडाखा दिला.

मी तिथे गेलेलो नाही. हे सगळं मी निसर्गनंतरच्या रात्री वाचलं, जेव्हा झोप येत नव्हती. जगात आणखी कुणाची जायफळं पडलीत आणि त्यांनी पुढे काय केलं, हे शोधत होतो. ताई, बाबांना तिथे न्याच. धबधबा दाखवा न दाखवा, गुयावचं जायफळ केंद्र आणि एखादा बागायतदार दाखवा.

---

खलाशी_७, १३ जानेवारी

वाडीवाला, तुमचं वाचलं आणि माझा सल्ला मागे घेतो. अबोली, ग्रेनाडालाच जा. फक्त दुपारची विश्रांती आणि एक पूर्ण रिकामा दिवस ठेवा.

---

तिखटमीठ, १४ जानेवारी

खाण्याचं मी सांगते, कारण त्रिनिदादला दोन वर्षं होते आणि ग्रेनाडाला फेऱ्या झाल्या.

ग्रेनाडाचं राष्ट्रीय जेवण 'ऑइल डाउन'. भल्या मोठ्या पातेल्यात नीरफणसाच्या फोडी, हिरवी केळी, अळूची पानं, हळद, मिरची, वरून भरपूर नारळाचं दूध. नारळाचं दूध आटून तेल खाली उतरेपर्यंत शिजवायचं, म्हणून ते नाव. यातला कुठला जिन्नस कोकणात परका आहे? फक्त एक अडचण: त्यात खारवलेलं मांस घालतात. आईंसाठी 'आयटल' विचारा. रास्ताफारी पंथाच्या लोकांचं जेवण बहुधा शाकाहारी असतं, मीठही कमी. ते ऑइल डाउन मांसाशिवाय करतात.

रोटीची दुकानं जागोजागी आहेत. पातळ, मोठ्या रोटीत बटाटा-छोल्यांची करी गुंडाळून देतात. ही रोटी आपल्याच माणसांनी नेलेली. मे १८५७ मध्ये मेडस्टोन नावाच्या जहाजातून पावणेतीनशेहून अधिक हिंदुस्थानी मजूर ग्रेनाडात उतरले, पुढच्या तीसेक वर्षांत तीन हजारांवर माणसं आली, उसाच्या आणि कोकोच्या मळ्यांवर. भाषा बहुतेकांची गेली, पण करी आणि रोटी सगळ्या बेटाची झाली.

शब्दांची गंमत लक्षात ठेवा, बाजारात उपयोगी पडेल. तिथे 'सॅफ्रन' म्हणजे हळद. 'ग्रीन फिग' म्हणजे कच्ची केळी. नुसतं 'स्पाइस' म्हटलं तर दालचिनी. अळूला 'कॅलालू' म्हणतात, पण कॅलालूच्या सूपमध्ये खेकडा किंवा मांस असू शकतं, विचारून घ्या. सेंट जॉर्जेसचा बाजार शनिवारी सकाळी भरगच्च असतो. आई तिथून हलणार नाहीत बघा.

---

हिरवाचाफा, १४ जानेवारी

मुलांसाठी दोन-तीन सूचना.

लष्करी छापाचे, म्हणजे हिरव्या-तपकिरी डागांचे कपडे नेऊ नका. ग्रेनाडात सामान्य माणसाने ते घालायला कायद्याने बंदी आहे. लहान मुलांच्या चड्ड्या-टोप्यांवरही हाच छाप असतो, बॅगा भरताना बघा. पोहायचे कपडे पुळणीपुरतेच, गावात अंगभर घालून फिरायचं.

पुळणीवर मॅनचिनील नावाचं झाड असतं, फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं. विषारी आहे. चीक लागला तर बिब्बा उतावा तशी कातडी भाजते. पावसात त्याखाली उभंही राहायचं नाही. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो, पण सगळीकडे नसतो. मुलांना साधं सांगा: ओळखत नाही ते फळ उचलायचं नाही.

आणि मोलिनेरच्या पाण्याखालच्या शिल्पांना चुकवू नका. २००६ सालापासून समुद्राच्या तळाशी माणसांचे पुतळे ठेवलेत, हात धरून गोल उभ्या असलेल्या मुलांचा घोळका आहे. पाणी उथळ आहे. पोहता येत नसेल तर काचेच्या तळाच्या होडीतून दिसतं.

अवांतर: ईस्टरच्या दिवसांत तिथे पतंग उडवतात, आपल्या संक्रांतीसारखे. तुमच्या तारखा तेव्हाच्याच आहेत. २० एप्रिलला ईस्टर आहे.

---

अबोली, १७ जानेवारी

तिकिटं काढली! १२ ला जायचं, १९ ला परत. ग्रँड आन्सजवळ तळमजल्यावरचं घर मिळालं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आणखी दोन शंका: पैसे कोणते न्यावेत, आणि कॅरियाकूला एक दिवस जावं का?

---

माधवी_टी, १७ जानेवारी

पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो. अमेरिकन डॉलरशी दर १९७६ पासून २.७० ला बांधलेला आहे. अमेरिकन डॉलरही घेतात, पण सुटे त्यांच्या चलनात मिळतात. बस, बाजार, रोटी यांसाठी रोख ठेव. भाव सांगितला की कुठल्या डॉलरमध्ये ते विचारायचं, हे विसरू नकोस.

कॅरियाकूला बोट जाते, पण वाटेत समुद्र खवळलेला असतो. त्याच बाजूला 'किक-एम-जेनी' हा पाण्याखालचा ज्वालामुखी आहे, बोटी त्याला वळसा घालून जातात. आईंना बोट लागत असेल तर या खेपेला नको. एरवी मात्र जायला हरकत नाही. वादळ झालं म्हणून पाहुणे यायचे थांबले की त्या माणसांचं दुहेरी नुकसान होतं.

---

अबोली, २६ एप्रिल २०२५

मंडळी, आलो. उशीर झाला, पण धागा अर्धवट सोडायचा नव्हता.

पुळण, होडी, शिल्पं सगळं झालं. मुलांना पाण्यातली मुलं फार आवडली, धाकटीने होडीच्या काचेवर हात टेकवून त्यांना नमस्कार केला. पतंग उडवले. मैदानात एका आजोबांनी मुलांना कागदाची भिंगरी लावून दिली, पतंग वर गेला की ती घूं घूं वाजते. लेव्हेराच्या किनाऱ्यावर एका रात्री अधिकृत वाटाड्याबरोबर समुद्री कासवांसाठी गेलो. लेदरबॅक म्हणजे चार-पाचशे किलोचं धूड. आम्हाला दिसलं नाही, हंगाम नुकता सुरू होत होता. दोन तास काळोखात वाळूत बसून परतलो. आई म्हणाली, 'वेळासला तरी कुठे दर वेळी दिसतात.'

तिखटमीठ, शनिवारचा बाजार तुम्ही सांगितलात तस्साच. आईने तिथल्या बाईकडून नीरफणस घेतला, घरी येऊन त्याची कापं केली. आमच्या घरमालकीण बाईंना ताटलीत दिली, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी पातेलंभर ऑइल डाउन आणून दिलं, खास आईसाठी मांसाशिवाय. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, 'यात चार आमसुलं हवी होती.' मग बॅगेतून आमसुलं निघाली. बाईंनी एक तोंडात टाकलं, डोळे मिटून घेतले, आणि उरलेली पुडी मागून घेतली.

आता बाबा. मंगळवारी आम्ही ५ नंबरच्या बसने गुयावला गेलो. जायफळ केंद्र ही जुनी, उंच, लाकडी इमारत. दारातच वास आला आणि बाबा उंबऱ्यावर थांबले. मला वाटलं दमले. ते वास घेत होते.

आत बायका ओळीने बसून जायफळं निवडत होत्या. एका बाजूला पाण्याची टाकी: फोडलेली जायफळं पाण्यात टाकतात, जे बुडतं ते उत्तम, जे तरंगतं ते हलकं, ते वेगळं काढतात. वरच्या मजल्यावर लाकडी ट्रेंमध्ये कवचासकट वाळत घातलेली. बाबांनी ट्रेतलं एक जायफळ न विचारता उचललं, कानाशी नेलं आणि हलवलं. आत खुळखुळ वाजलं, म्हणजे वाळलंय. मी त्यांना थांबवणार, तेवढ्यात तिथल्या साठीच्या बाईंनीही एक उचललं, स्वतःच्या कानाशी हलवलं, मान डोलावली आणि शेजारच्या ट्रेतलं दुसरं बाबांच्या हातात दिलं. ते वाजलं नाही. बाबांनी मान हलवली. 'नाय अजून.' त्या म्हणाल्या, 'नॉट येट.' असं दोघांचं दहा मिनिटं चाललं होतं.

गुरुवारी घरमालकीण बाईंच्या ओळखीने त्यांच्या एका नातेवाइकाच्या बागेत गेलो, डोंगराच्या अंगाला. गृहस्थ ७५ च्या पुढचे. नवरा दुभाषी झाला. त्यांनी एक झाड दाखवलं, हाताने जमिनीपासून गुडघ्याएवढी उंची दाखवली आणि म्हणाले, 'आयव्हन.' म्हणजे आयव्हननंतर लावलं तेव्हा एवढं होतं. आता बाबांच्या दुप्पट-तिप्पट उंच आहे आणि फळांनी भरलंय. मग ते पुढे गेले, एका आडव्या पडलेल्या खोडापाशी थांबले. 'बेरिल.' आणि त्या खोडाच्या शेजारीच, काठीला बांधलेलं हातभर रोप. बाबा बराच वेळ त्या रोपाकडे बघत होते. मग आपल्या छातीवर हात ठेवून म्हणाले, 'निसर्ग.' त्यांना तो शब्द कळला नसणार, पण त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

परत येताना बाबांनी नवऱ्याला विचारलं, 'त्यांचं वय किती म्हणालास? आणि ते रोप कधी लावलंय?'

नवऱ्याने सांगितलं, डिसेंबरमध्ये.

---

खलाशी_७, २६ एप्रिल

वाचून डोळे भरले. गुडघे कसे राहिले आईंचे?

---

अबोली, २६ एप्रिल

उत्तम. तुमचा रिकामा दिवसाचा सल्ला पाळला, गुड फ्रायडेला. त्या दिवशी तसंही सगळं बंद होतं.

---

हिरवाचाफा, २७ एप्रिल

कोको कुठे पाहिलात का?

---

अबोली, २७ एप्रिल

हो, उत्तरेला बेलमाँट इस्टेटमध्ये. मोठ्या ट्रेंमध्ये कोकोच्या बिया उन्हात, आणि माणसं अनवाणी पायांनी त्यांत फिरून त्या उलथ्यापालथ्या करतात. मुलांना फिरू दिलं. आई म्हणाली, भात वाळवताना आपण असंच पायाने ओढतो. संध्याकाळी तिथला कोको-चहा प्यायलो, दालचिनी आणि जायफळ घातलेला. त्याच्या गोळ्या आणल्यात, कुणाला हव्या असतील तर सांगा.

---

वाडीवाला, २७ एप्रिल

ताई, तीनदा वाचलं. काकांनाही मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांनी तिकडून बी आणलं का?

---

अबोली, २७ एप्रिल

आणायचं होतं त्यांना! चार ओली फळं रुमालात बांधून ठेवली होती. अमेरिकेत ताजी फळं आणि लावायचं बी नेता येत नाही, म्हणून समजावून काढून घेतली. वाळलेली जायफळं आणि जायपत्री आणली, फॉर्मवर रीतसर लिहून. ती फळं बाबांनी त्या आजोबांकडेच परत पाठवली, बसवाल्याच्या हाती.

काल न्यू जर्सीत थंडी परतली, तर बाबा खिडकीशी वही घेऊन बसले होते. वाडीचा नकाशा काढलाय. विहिरीच्या पूर्वेला पाच गोल केलेत. मला म्हणाले, 'त्या केळशीच्या माणसाला विचार, कोकण स्वादची कलमं मिळतील का. सप्टेंबरात परत जाणार, तर यंदाचा पाऊस हातचा जातो. तुझ्या काकाला सांगून जूनमध्येच लावून घेऊ.'

---

वाडीवाला, २७ एप्रिल

मिळतील. माझ्याच ओळखीच्या रोपवाटिकेत आहेत, आज फोन करून पाच बाजूला ठेवायला सांगतो. काकांना म्हणावं खड्डे मेमध्येच घ्या, तीन फूट, आणि उन्हात तापू द्या. सावलीला केळी आधी लावा. आणि बाबांना विचारा, विहिरीकडे पूर्वीचं एखादं नर झाड वाचलंय का? नसेल तर पाचांबरोबर एक नर कलमही पाठवतो, ते वाऱ्याच्या बाजूला लावायचं.

---

अबोली, २७ एप्रिल

बाबा शेजारीच आहेत. म्हणतायत, नर पडला होता, पण बुंध्यातून फुटवा आलाय. दोन वर्षांपूर्वीच बघितला होता म्हणे. आम्हाला कुणालाच बोलले नव्हते.